वरचा कंडक्टर

गेल्या गणपतीत नायगावच्या आमच्या जुन्या चाळीत ड्रायव्हरकाकांकडे दर्शनाला गेले होते. चाळीतली बहुतेक बिऱ्हाडे डोंबिवली, विरार, बदलापूर अशी पांगली. दुसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत काका मात्र अजून आहेत. त्यांचे वय आता ८५. बेस्टच्या डबलडेकरवर त्यांनी आयुष्यभर गाडी चालवली आणि माझे बाबा त्याच गाड्यांवर कंडक्टर होते. मजल्यावर एकाच आडनावाची तीन घरे, त्यामुळे ‘ड्रायव्हरकाका’ आणि ‘कंडक्टरचे घर’ हीच ओळख रूढ झाली आणि पुढे टिकली. आरती झाली, प्रसादाची वाटी हातात आली आणि बोलता बोलता मी काकांना लंडनच्या एका जुन्या अभ्यासाविषयी सांगू लागले. तो अभ्यास मला नुकताच वाचायला मिळाला होता आणि वाचल्यापासून तो काकांना सांगायचा, असे मनात धरून बसले होते.

जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांचा तो अभ्यास. दुसऱ्या महायुद्धानंतर हृदयविकाराचे झटके इतके का वाढत चालले आहेत, या प्रश्नाच्या मागे ते लागले होते. लंडनच्या डबलडेकरवर दोन माणसे रोज बरोबरीने काम करत. दोघांची वस्ती सारखी, पगार जवळपास सारखा. पण एक पाळीभर बसलेला, तर दुसरा पाळीभर जिन्यावर. तिथला कंडक्टर दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढत असे. मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाहतूक खात्यातल्या सुमारे ३१ हजार पुरुषांच्या आजारपणाच्या नोंदी तपासल्या आणि १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडला: कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी होतो, उशिरा होतो आणि झालाच तर पहिल्याच फटक्यात जीव जाण्याचे प्रमाणही कमी असते. मॉरिस स्वतः ९९ वर्षे जगले, हेही मी सांगितले. हे सगळे मी फार उत्साहाने सांगत होते. बाबांच्या खाकी गणवेशाला कोणीतरी दूरदेशातून बिल्ला पाठवला आहे, असे काहीतरी मला वाटत होते.

काकांनी सगळे ऐकून घेतले. हातातल्या मोदकाची कळी त्यांनी बोटाने हलकेच दाबली, पण मोदक खाल्ला नाही.

“बाय,” ते म्हणाले, “जिने चढणारा तुझा बापूस बावन्नाव्या वर्षी गेला. बसून गाडी हाकणारा मी अजून बसलोच आहे. मग त्या डॉक्टरानं मोजलं काय?”

त्यांच्या आवाजात वाद घालण्याचा सूर नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. दादरला येऊन मुलुंडची गाडी पकडली, खिडकीशी जागा मिळाली, पावसाने ओले झालेले रूळ मागे पळत राहिले आणि तो प्रश्न माझ्याबरोबर घरापर्यंत आला. काकांनी तो माझ्या आधी स्वतःला किती वेळा विचारला असेल, हे मला त्या प्रवासात प्रथमच जाणवले. सदतीस वर्षे ते आपल्या मित्राच्या मागे उरले आहेत.

बाबा ‘वरचे कंडक्टर’ होते. मुंबईच्या डबलडेकरवर दोन कंडक्टर असत, एक खालच्या मजल्यावर आणि एक वरच्या. वरच्या मजल्यावर उभे राहून तिकिटे फाडणे हे काम कसबाचे होते, कारण खाली जाणवणारा प्रत्येक धक्का वर दुप्पट होऊन पोहोचतो. बाबा हाताने दांडा धरत नसत. कमरेचा टेकू बाकाच्या कडेला देऊन ते उभे राहत. डाव्या हातात तिकिटांची पेटी, उजव्यात पंच, आणि गाडी वळणावर झुकली की त्यांचे शरीर तितकेच उलट्या बाजूला झुके. शाळेला सुट्टी असली की कधीकधी ते मला बरोबर नेत आणि वर अगदी पुढच्या बाकावर बसवत. समोरच्या मोठ्या काचेतून झाडांच्या फांद्या अंगावर आल्यासारख्या वाटत. रात्री घरी आल्यावर त्यांचा अंगठा नाण्यांनी काळा झालेला असे. चामडी पिशवी, घाम आणि पावसात भिजून वाळलेले खाकी कापड यांचा मिळून जो वास येई, तो मला अजूनही कधी गर्दीच्या जिन्यावर अचानक येतो, आणि मी थबकते.

बाबा काडीसारखे होते. पहाटे चारला नळ आला की खालून पाण्याच्या बादल्या वर आणत. चाळीच्या जिन्याला दोन मजल्यांच्या मिळून ४२ पायऱ्या होत्या, त्या त्यांना पुरत नसत. गणवेशाची नवी पँट मिळाली की आई पहिल्यांदा तिची कंबर आत घेई. शिवणयंत्राच्या डब्यातले खडूने खूण केलेले ते खाकी तुकडे अजून डोळ्यांपुढे आहेत. मॉरिस यांचा पुढचा अभ्यास वाचताना हे तुकडे मला लख्ख आठवले, कारण १९५६ साली त्यांनी चक्क गणवेशांची मापे तपासली. ड्रायव्हरांच्या पँटींची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी निघाली, आणि ती तरुण वयातच मोठी होती. म्हणजे जिन्याने कंडक्टर सडपातळ राहत होते, की अंगाने जड असलेली माणसेच मुळात ड्रायव्हरची नोकरी धरत होती? आपल्या गाजलेल्या निष्कर्षावर स्वतःच अशी शंका घेऊन तिच्या मागे जाणे, हे मला त्या साऱ्या संशोधनातले सर्वांत सुंदर वाटते. १९५३ च्या अभ्यासातच त्यांनी सायकलीवरून आणि पायी टपाल वाटणारे पोस्टमन आणि टेबलाशी बसणारे कारकून यांचीही तुलना केली होती. तिथेही चालणाऱ्यांचे हृदय अधिक सुरक्षित निघाले. शंका पूर्णपणे मिटली असे नाही, पण व्यायामाचा आणि हृदयाचा संबंध आज जगभर मानला जातो, त्याची मुळे त्या जिन्यात आहेत.

काकांना सांगताना एक गोष्ट मात्र माझ्याकडून राहून गेली होती. लंडनचा कंडक्टर एकटाच दोन्ही मजले सांभाळत असे, म्हणून तो सतत वरखाली करी. बाबा एकदा वर गेले की खेप संपेपर्यंत वरच. शेवटच्या थांब्यावर खाली उतरायचे, चौकीत नोंद करायची, चहा घ्यायचा, पुन्हा वर. त्यांच्या पायऱ्या लंडनवाल्यांच्या मानाने थोड्याच होत्या. पाळीभर झुलत्या गाडीत उभे राहणे आणि बाकांमधून चालणे हा व्यायाम खराच, पण तो वेगळा. परदेशातला अभ्यास आपल्या माणसाला लावताना आपण आधी आपल्या माणसाचे काम नीट पाहायला हवे, आणि मी बाबांच्या बाबतीतही ते केले नव्हते.

शिवाय बाबांच्या सडपातळपणाने आम्हा सर्वांची दिशाभूल केली. त्या काळी चाळीत प्रकृतीचे एकच माप होते, ते म्हणजे पोट सुटले आहे की नाही. बारीक माणसाला काही होत नाही, अशी ठाम समजूत होती. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या देशातल्या माणसांच्या या फसव्या बारीकपणावर आयुष्यभर काम केले आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र आले होते. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. हातपाय बारीक आणि चरबी आत, पोटाच्या पोकळीत, आतड्यांभोवती. हे कळले तेव्हा माझे वय ४९ होते आणि माझ्या हातात माझ्या रक्तातल्या साखरेचा अहवाल होता. माझीही मनगटे बाबांसारखीच आहेत. त्यांत आईची बांगडी सैल होते. ‘तुला कशाला तपासण्या?’ असे मला कित्येक वर्षे सगळे म्हणत आले होते आणि मला ते खरे वाटत होते.

बाबा गेले ते १९८८ च्या श्रावणात. पहिल्या पाळीची तयारी चालली होती. खोलीत दिवा लावलेला, बाहेर अजून काळोख, कौलांवरून पाणी ठिबकत होते. सदऱ्याला बिल्ला लावताना तो त्यांच्या हातून निसटला आणि शहाबादी लादीवर खणखणला. ते वाकून उचलतील म्हणून मी पाहत राहिले, तर त्यांचा उजवा हात वर येईना. काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, पण शब्द तोंडातच विरघळले. ड्रायव्हरकाकांनी आणि आणखी दोघांनी त्यांना उचलून खाली आणले. टॅक्सी केली आणि काका बाबांचे डोके मांडीवर घेऊन मागे बसले. रुग्णालयात दंडाला पट्टा बांधून डॉक्टरांनी पारा पाहिला आणि पुन्हा एकदा पाहिला. आकडा होता २३० वर १३०. “यांना प्रेशर कधीपासून आहे?” त्यांनी विचारले.

आईने माझ्याकडे पाहिले, मी आईकडे.

बाबांच्या दंडाला तो पट्टा त्याआधी कधी बांधलाच गेला नव्हता. निदान आम्हाला तरी आठवत नव्हते. रजा फुकट जाते म्हणून ते डॉक्टरकडे जाणे टाळत, ताप आला तरी काढा घेऊन पाळीवर जात. कधी संध्याकाळी ‘डोके दाबून दे’ म्हणत तेव्हा मी बाम चोळून देत असे. पुष्कळ वर्षे मला त्या बामाची टोचणी लागून राहिली होती. नंतर कळले की रक्तदाबाने डोके दुखतेच असे नाही, बहुतेक माणसांना काहीच जाणवत नाही, आणि त्यातच या दुखण्याची सगळी दहशत आहे. ते वर्षानुवर्षे मुकाट राहते, धमन्यांच्या भिंती कडक करत राहते आणि मग एका पहाटे बिल्ला खाली पडतो.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा मृत्यू बाबांसारखाच झाला, मेंदूतल्या रक्तस्रावाने, १९४५ साली, वयाच्या ६३ व्या वर्षी. त्याच्या वर्षभर आधी त्यांच्या डॉक्टरांनी १८६ वर १०८ असा आकडा लिहून ठेवला होता. आकडा ठाऊक होता, पण तो खाली आणणारे भरवशाचे औषध तेव्हा जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसालाही मिळण्यासारखे नव्हते. पुढे १९४८ साली अमेरिकेतल्याच फ्रॅमिंगहॅम या गावात ५,२०९ माणसांना घेऊन हृदयाचा प्रदीर्घ अभ्यास सुरू झाला. तोपर्यंत वयाबरोबर रक्तदाब वाढणे हे केस पिकण्यासारखे स्वाभाविक मानले जाई. ती समजूत मोडायला त्या अभ्यासाची फार मदत झाली. १९६७ साली अमेरिकेतल्या निवृत्त सैनिकांवरच्या चाचणीने दाखवून दिले की तीव्र रक्तदाब गोळ्यांनी उतरवला तर पक्षाघात टळतो. मी हे साल कितीतरी वेळा मनाशी मांडून पाहिले आहे. १९६७ साली बाबा ३१ वर्षांचे होते. म्हणजे त्यांच्या वाट्याला औषध आले होते, आकडा आला नव्हता. रूझवेल्टना आकडा मिळाला, औषध मिळाले नाही. आज वरचा रक्तदाब दहा अंकांनी खाली आला तर पक्षाघाताचा धोका सुमारे चौथ्या हिश्श्याने घटतो, हे अनेक चाचण्या एकत्र पाहून पक्के झाले आहे. दहा अंक म्हणजे पाऱ्याच्या नळीत एक सेंटिमीटर.

आमच्या घरातले जेवण आठवले की तो सेंटिमीटर कुठून चढत गेला असेल, याचा अंदाज येतो. आम्ही कोकणातले. पावसाळ्यात ताजी मासळी बंद, म्हणून मेमध्येच सुके बोंबील, खारा बांगडा, सोडे भरून ठेवलेले. रात्रीच्या पेजेबरोबर भाजलेला खारा बांगडा आणि त्याच्या जोडीला लिंबाचे लोणचे, वर पापड. बाबा ताटात उजव्या हाताशी मिठाची चिमूट वाढून घेत आणि जेवता जेवता ती संपे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. तो चहाचा एक छोटा चमचा झाला. खाऱ्या बांगड्याचा एक तुकडाच त्यातला मोठा वाटा घेत असणार. तरीही त्या जेवणाला मी आज सरळ वाईट म्हणू शकत नाही. भाजताना सुटणारा तो वास, पेजेची वाफ, पाळीवरून आलेल्या माणसाचा थकवा ज्या घासाने उतरे तो घास, यांना केवळ सोडियमच्या खात्यात टाकणे माझ्याने होत नाही. तंबाखूबद्दल मात्र माझ्या मनात अशी माया नाही. बाबा थांब्यावर विडी ओढत आणि वर गेल्यावर चुना-तंबाखू मळून गालात धरत. ब्रिटनमधल्या डॉक्टरांवरच झालेल्या पन्नास वर्षांच्या अभ्यासात दिसून आले की सिगारेट ओढणारे सरासरी दहा वर्षे आधी जातात, आणि चाळिशीत सोडणाऱ्यांना त्यातली नऊ वर्षे परत मिळतात. ही नऊ वर्षे परत मिळण्याची गोष्ट कोणीतरी बाबांना सांगायला हवी होती. धोक्याचे चित्र त्यांच्या काळातही पाकिटावर असते तर त्यांनी मान फिरवली असती. पण हिशेब मात्र त्यांना चटकन कळे. ते दिवसभर सुट्या पैशांचाच हिशेब करत.

काकांचे नशीब निराळ्या वाटेने उघडले, आणि ती वाट मी लहानपणी ऐकली होती, पण तिचा अर्थ तेव्हा उमगला नव्हता. १९८२ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी, रात्रीच्या पाळीत समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे त्यांना फुटल्यासारखे दिसू लागले. ड्रायव्हरची नजर गेली तर पोटावर गदा, म्हणून ते घाबरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत बसवून ठेवले आणि मग प्रकाशाची बारीक तिरीप आत सोडून बराच वेळ पाहिले. डोळ्याचा पडदा ही शरीरातली अशी जागा आहे, जिथे काहीही न कापता रक्तवाहिन्या उघड्या पाहता येतात. काकांच्या पडद्यावरच्या धमन्या अरुंद झालेल्या होत्या आणि शिरांना ओलांडताना त्यांना चेपत होत्या. “चष्मा देतो,” डॉक्टर म्हणाले, “पण आधी प्रेशर बघून या.” त्या संध्याकाळी काकांना पहिली गोळी मिळाली. तेव्हापासून, म्हणजे ४३ वर्षे, रोज सकाळी सातला चहाबरोबर ते गोळी घेतात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेला पेन्सिलीने टिंब करतात. गोळ्या बदलल्या, टिंब बदलले नाही. बाबा गेल्यावर त्यांनी विडीही सोडली. निवृत्तीनंतर ते रोज पहाटे फाइव्ह गार्डनपर्यंत चालत जातात आणि तिथल्या झाडांखाली दोन फेऱ्या घालून येताना दुधाची पिशवी आणतात. याला ते व्यायाम म्हणत नाहीत, दूध आणायला जातो म्हणतात.

मॉरिस यांच्यानंतरच्या पिढीतले जेफ्री रोज नावाचे एक डॉक्टर लंडनमध्ये होते. त्यांनी १९८५ च्या एका निबंधात जे मांडले, त्यात काकांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला सापडले. प्रतिबंधाचा उपाय सबंध समाजाला पुष्कळ देतो, पण एकेकट्या माणसाला त्यातले फारसे काही दिसत नाही, असा त्यांचा मुद्दा. हजार कंडक्टरांमध्ये आणि हजार ड्रायव्हरांमध्ये जो फरक पडतो तो खरा असतो; पण त्या हजारांतला एक कंडक्टर आणि एक ड्रायव्हर चाळीच्या एकाच गॅलरीत राहत असतील तर कोण आधी जाईल, हे त्या फरकावरून सांगता येत नाही. ज्याचा पक्षाघात टळतो त्याला तो टळल्याचे कधी कळत नाही. त्याच्या घरी त्या दिवशी काहीच घडत नाही: तो चहा घेतो, टिंब करतो, दूध आणायला जातो. न घडलेल्या गोष्टीची आठवण नसते, म्हणून तिच्याबद्दल कृतज्ञता वाटणे इतके कठीण जाते. आणि ज्याचे टळत नाही, त्याच्या घरी मात्र ती पहाट कायमची राहते.

आमच्या चाळीपासून टाटा रुग्णालय फार दूर नाही. लहानपणी ते नाव कोणी घेतले तरी आवाज खाली जाई. तिथे जायचे ते शेवटाकडे, अशीच आमची समजूत होती. त्याच टाटा मेमोरियलच्या माणसांनी १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी घरांच्या दाराशी नेली. साधन काय, तर ४ टक्क्यांचा व्हिनेगर. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना चार आठवडे शिकवून तयार केले. कापसाने व्हिनेगर लावायचा, मिनिटभर थांबायचे आणि दिव्याच्या उजेडात पाहायचे; बिघडू लागलेल्या पेशी पांढऱ्या दिसतात. दीड लाखांच्या आसपास बायकांवर बारा वर्षे चाललेल्या त्या चाचणीत, तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. ज्या गटाला केवळ माहिती मिळाली, तपासणी मिळाली नाही, त्यातल्या बायकांचे काय, असा प्रश्न पुढे अनेकांनी विचारला, आणि तो वाचताना मी अस्वस्थ झाले. कारण ज्याच्याकडे कोणी पट्टा घेऊन आले नाही, अशा माणसाची मुलगी मी आहे. तरीही एक बाई दुसऱ्या बाईच्या दाराशी कापूस आणि बाटली घेऊन उभी आहे, हे चित्र मला धीर देते. दीर्घायुष्याविषयी हल्ली जे बोलले जाते त्यात महागड्या गोळ्या, घड्याळे आणि बर्फाच्या आंघोळी फार असतात. माझ्या मते मुंबईने या विषयात जगाला दिलेली गोष्ट त्या बाटलीत आहे.

आम्ही मुलुंडला चौदाव्या मजल्यावर राहायला आलो त्याला आता चौदा वर्षे होतील. आई तेव्हा ६८ ची होती आणि चाळीच्या त्या ४२ पायऱ्या दिवसातून तीनचार वेळा सहज करी: भाजी, देऊळ, खालच्या मजल्यावरची मैत्रीण. इथे लिफ्ट आली, आणि लिफ्टबरोबर खाली उतरण्याची कारणेही नाहीशी झाली. भाजीवाला फोनवर, देव देव्हाऱ्यात, मैत्रीण बदलापूरला. दोन वर्षांत तिच्या मांड्या बारीक झाल्या. खुर्चीतून उठताना ती आधी पुढे झुकायची, मग हातांवर भार द्यायची, मग एक श्वास घ्यायची. ही क्रिया मी रोज पाहत होते आणि तिला वय म्हणत होते. लिफ्टला मी दोष देत नाही. आज ८२ व्या वर्षी गुडघे दुखत असताना तिच्यामुळेच आई घराबाहेर पडू शकते. परंतु नळ, जिना, बाजार यांनी पूर्वी जे न मागता दिले होते, ते आता ठरवून कमवावे लागते. दिवसाला दहा हजार पावलांचा आकडा १९६५ साली जपानमधल्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून आला. वयस्क स्त्रियांवरच्या २०१९ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या बायकासुद्धा २,७०० चालणाऱ्यांपेक्षा अधिक जगताना दिसल्या, आणि साडेसात हजारांच्या पुढे वाढीव फायदा दिसेनासा झाला. हे वाचून मी आईसाठी एकच गोष्ट केली: संध्याकाळी तिला घेऊन दोन मजले जिन्याने खाली उतरायचे आणि तिथून लिफ्ट धरायची. पहिल्या दिवशी तिने कठडा दोन्ही हातांनी धरला होता. आता एका हाताने धरते.

जुनी डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ रोजी अंधेरीत शेवटची धावली. त्या दिवशी काकांना घेऊन जायचे राहिले. मागच्या महिन्यात मात्र मी त्यांना सीएसएमटीला नेले आणि नव्या विजेवरच्या डबलडेकरमध्ये चढवले. “वर जाऊ या,” मी म्हटले, तर ते दाराशीच थांबले. मग म्हणाले की एवढ्या वर्षांत वर जाऊन ते कधी बसलेच नाहीत. ड्रायव्हरची केबिन वेगळी, पाळी संपली की डेपो, आणि सुट्टीच्या दिवशी बस नको वाटे. आपल्या डोक्यावर तीस वर्षे जो मजला चालत होता, तो त्यांनी बाहेरून तेवढा पाहिला होता. जिना ते सावकाश, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत चढले. पुढचा बाक रिकामा होता. आत थंडगार, कुठे घंटेची दोरी नाही, इंजिनाचा आवाज नाही. गाडी सुटली तशी झाडांच्या फांद्या काचेवर आल्या आणि काकांनी डोळे बारीक केले. सिग्नलला गाडी मंदावू लागली की त्यांचा उजवा पाय आपोआप पुढे सरकून जमिनीवर दाबला जाई.

मी त्यांना माझे उत्तर सांगू लागले. हजार माणसांचा हिशेब, दोन माणसांचा हिशेब, दोन कंडक्टरांमुळे कमी झालेल्या पायऱ्या, मीठ, विडी, आणि मग तो पट्टा, जो एकाच्या दंडाला बांधला गेला आणि दुसऱ्याच्या नाही. जिना चांगलाच होता, काका, पण एकट्या जिन्याने पुरे पडले नाही, असे मी म्हणाले. ते समोर पाहत ऐकत होते. समुद्र दिसू लागला तेव्हा त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि हातातच धरून ठेवला.

“म्हणजे त्या डोळ्यांच्या डॉक्टरामुळे मी हाय,” ते म्हणाले. थोडा वेळ गेला. “तुझ्या बापसाची नजर लई चांगली होती गो. वरच्या मजल्यावरून त्याला पुढच्या थांब्यावरची माणसं मोजता यायची. चष्मा कधी लागलाच नाही त्याला.”